एकाला पाणी दिसले, एकाला खडक

पोलीस खात्याच्या नोकरीत शेकडो प्रकरणे माझ्या हाताखालून गेली. बहुतेकांची आठवण रोजनामच्याच्या पानांतच राहिली. कापसाच्या तेजीतल्या एका तपासाचे दिवस मात्र अजून काल घडल्यासारखे डोळ्यांपुढे येतात. त्या प्रकरणात खून नव्हता, दरोडा नव्हता. तरी एक निरपराध माणूस माझ्या हातून जवळजवळ फासापर्यंत गेला होता, म्हणून ते सांगायचे. नावे कुणाचीच देत नाही. त्या माणसांची मुलेनातवंडे आज वऱ्हाडात सुखाने नांदत आहेत.

मी मूळचा अमरावतीचा, पण त्या वेळी अकोल्याला ठाणेदार होतो. आमचे ठाणे मोर्णा नदीच्या काठी, जुन्या शहराला लागून होते. अमेरिकेत लढाई चालू होती, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि साऱ्या जगाची नजर वऱ्हाडच्या कापसावर होती. ज्याच्या अंगावर कधी नवे धोतर दिसले नाही, तो मखमली बंडी घालून बाजारात हिंडू लागला. त्यातच आगगाडी वऱ्हाडात शिरली आणि लोकांना एक नवाच नाद लागला, मुंबई पाहायला जाण्याचा. बापजाद्यांनी काशीची आस धरली होती, पोरे मुंबईला निघाली. परत आलेला माणूस महिनाभर चावडीवर बसून तिथल्या गोष्टी सांगे. मुंबादेवी, बंदरातली जहाजे, कुलाब्याची दांडी, म्हणजे दीपगृह, भायखळ्याची नवी बाग, वाळकेश्वर आणि या सगळ्यांवर कडी करणारा समुद्र. मी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. ऐकून ऐकून मात्र पाहिल्यासारखा वाटू लागला होता, आणि माझी चूक तिथेच झाली.

फाल्गुनात एके सकाळी हजेरी चालू असताना एक बाई ठाण्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. पस्तिशीची, सधन शेतकऱ्याच्या घरची. सोबत कुणी नव्हते. तिने इकडेतिकडे पाहिले नाही, सरळ माझ्यापुढे आली.

"साहेब, आमचे घरचे मुंबई पाहाले गेल्ते. तिघं जन गेले, दोघं आले. माह्या मानसाचा पत्ता नाई."

"कोण कोण गेलं होतं?"

"हे, माहा भाऊ, अन् इथल्या जुन्या शहरातला त्याइचा दोस्त. रंगारी हाय तो, मुसलमान. लहानपनापासून ये-जा हाय त्याइची."

"भाऊ काय सांगतो?"

तिचा आवाज इथे पहिल्यांदा अडखळला. "भाऊ म्हनते, कामासाठी थांबले, येतीन. तीन हप्ते झाले. कोनतं काम, विचारलं तं मान खाली घालते. साहेब, तो माहा सख्खा भाऊ हाय. पन तो खोटं बोलून राहिला, हे मले समजते."

सख्ख्या भावाविरुद्ध तक्रार द्यायला आलेल्या बाईला मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही क्वचितच पाहिले. तिची फिर्याद मी लिहून घेतली.

दोन दिवसांनी त्या गावचा कोतवाल बाजाराच्या निमित्ताने ठाण्यावर आला. पाणी पिण्याच्या मिषाने जवळ बसला आणि हळूच म्हणाला, "साहेब, ते जे गेले ना, त्याइच्या हातातलं चांदीचं कडं साळ्याच्या गाठोड्यात हाय. म्या माह्या डोयानं पाहिलं." मी त्याच दिवशी गावात जाऊन पंचांसमक्ष झडती घेतली. कडे निघाले. बाईने ते ओळखले. तिच्या भावाला मी तिथल्या तिथे अटक केली. रंगाऱ्यालाही ठाण्यावर बोलावून घेतले आणि त्याचा जामीन घेऊन शहर न सोडण्याची ताकीद दिली.

जबानी घेण्याची माझी एक पद्धत होती. आरोपीला मी गुन्ह्याबद्दल आधी विचारत नसे. त्या दिवशी सकाळपासून काय काय पाहिले, तेवढेच विचारी. खोटे बोलणारा माणूस रस्ता बरोबर सांगतो, पण रस्त्यात पाहिलेल्या गोष्टी त्याला सांगता येत नाहीत. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले. आमचा मोहरीर, म्हणजे ठाण्याचा लिहिणारा, शिमग्याच्या रजेवर कोकणात गेला होता. म्हणून एका शिपायालाच लिहायला बसवले.

मेहुणा तिशीचा, अंगाने दांडगा, पण तेव्हा पार खचलेला होता. "पयल्या दिवशी मुंबादेवी केली, कापसाचं मैदान पाह्यलं. बाप रे, साहेब, गाठीच्या गाठी! आपल्या साऱ्या वऱ्हाडाचा कापूस तिथंच पडला हाय असं वाटे. दुसऱ्या दिवशी पहाटंच वाळकेश्वराले गेलो. तिथल्या कुंडात आंग धुतलं. तवा भाऊजीनं कडं काढून माह्यापाशी देल्लं. मंग महालक्ष्मीले आलो. देवळाच्या खाली पायऱ्या हायेत. शेवटच्या पायरीले पानी लागून होतं. समोर पान्यातच एक दर्गा हाय, चारी बाजूनं समुद्र. भाऊजी जे पायरीवर बसले, ते उठतच ना!"

"मग?"

"मले भायखळ्याची बाग पाहाची होती. ते म्हनत, जाय तू, म्या इथंच बसतो. म्या चिडलो. म्हटलं, बसा मंग तुमच्या पान्यापाशी! हेच माहं शेवटचं बोलनं, साहेब." त्याने तोंड झाकून घेतले. "संध्याकाळी आलो तं पायरीवर कोनी नाई. पानी तसंच, पायरीले लागून. फुलवाली म्हने, इथं लोक बुडतेत. बहिनीले कसं सांगू?"

रंगारी वयाने मोठा, शांत माणूस. त्यानेही दर्शनांची यादी तशीच सांगितली. वाळकेश्वरापर्यंत तो या दोघांबरोबर होता. मग बाजारात ओळखीच्या रंगाऱ्याकडे गेला आणि दुपारच्या नमाजाआधी एकटाच दर्ग्याकडे आला.

"होडी कोणाची केली?" मी विचारले.

"होडी काहून, साहेब? पायी गेलो म्या."

"पायी? दर्गा पाण्यात आहे ना?"

"दुरून पाह्यला तवा पान्यातच होता. जवळ गेलो अन् काय सांगू, समुद्र बाजूले झाला होता! खडकांतून वाट होती, लोक चालत जात होते. म्या तं पीराची करामतच समजलो. खुदा की कसम, पाय फक्त टाचेपर्यंत भिजले. अन् तिथून मले आपला गडी दिसला. देवळाच्या बाजूनं खडकावर उभा होता, पायरीपासून लय दूर. म्या आवाज देल्ला. त्यानंही हात हालवला. नमाजाची वेळ होत होती, म्हनून म्या थांबलो नाई. येताना पाह्यलं, तं तो तिथं नव्हता. वाटलं, साळ्यासंगं गेला असंन."

"हे त्याच्या साळ्याला सांगितलं?"

"संध्याकाळी सांगतलं. त्यानं माह्याकडं असं पाह्यलं का बस! म्हने, या पान्यात चालत होता काय तो? म्या वळून पाह्यलं, तं खरंच सारीकडं पानी. खडक नाई, वाट नाई. तवापासून म्या कोनालेच काई सांगतलं नाई, साहेब. खरं मानते कोन?"

परतीच्या सबंध प्रवासात ते दोघे एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते. मेहुण्याला वाटे, रंगाऱ्यानेच काहीतरी केले आणि आता बनावट सांगतो. रंगाऱ्याला वाटे, मेहुण्याने घात केला आणि आता आपल्याला खोटा पाडतो. आणि मला वाटले, दोघांपैकी एक नक्की खोटा आहे. एकच जागा, एकच दिवस. एक म्हणतो पायरीला पाणी, दुसरा म्हणतो दूरवर कोरडा खडक. समुद्र म्हणजे काही मोर्णा नव्हे, उन्हाळ्यात आटायला. एवढे मोठे पाणी सकाळी असेल, दुपारी नसेल आणि संध्याकाळी पुन्हा येईल, ही कल्पनासुद्धा माझ्या मनाला शिवली नाही. कडे मेहुण्याकडे सापडले होते आणि बहिणीशी तो खोटे बोलला होता. मी त्यालाच धरून बसलो. त्या काळच्या रीतीने त्याला दम भरला, उन्हात उभे केले, उपाशीही ठेवले. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण खरे आहे. तो एकच वाक्य बोले, "म्या त्याइले पायरीवर सोडलं. पानी पायरीले होतं."

आठ दिवसांत कागद तयार झाले. ते वरच्या साहेबांकडे पाठवायचे, की खुनाचा खटला उभा राहिला असता. त्याच सुमारास मोहरीर कोकणातून परतला. रत्नागिरीकडचा, बारीक चणीचा, फार कमी बोलणारा माणूस. मी दोन्ही जबान्या नक्कल करायला त्याच्यापुढे टाकल्या. थोड्या वेळाने तो खुदकन हसला. खुनाच्या कागदांवर हसणारा कारकून मला आवडणे शक्यच नव्हते.

"काय झालं हसायला?"

"रागावू नका, ठाणेदारसाहेब. हे दोघेही खरं सांगतायत."

"कसं काय?"

"एकानं भरती पाहिली, एकानं ओहोटी." माझ्या चेहऱ्यावरून त्याला सारे समजले असावे, कारण मग तो घरच्या लहान पोराला समजावे तसे सांगू लागला. "समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. आमच्याकडे सगळी कामं त्यावरच चालतात. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ येते. कुठली तिथी होती ती?"

मी कोठडीपाशी जाऊन मेहुण्याला विचारले. तो म्हणाला, "त्याच्या दुसऱ्या दिवशी, निघालो तवा, एकादशी होती. गाडीत उपास केला."

"म्हणजे दशमी," मोहरीर म्हणाला. "दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला पूर्ण भरती. हा म्हणतो पायरीला पाणी. बरोबर. दुपारी दीडच्या आसपास पूर्ण ओहोटी. तो म्हणतो खडक उघडे. बरोबर. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला पुन्हा भरती. दोघंही म्हणतात पाणी. बरोबर."

मी दोन्ही जबान्या पुन्हा वाचून काढल्या. पंचांगावरच्या एका हिशोबाने माझा आठ दिवसांचा तपास उलटा करून टाकला होता. मेहुणा सकाळी निघून गेला आणि त्याच्यानंतर पाच तासांनी तो शेतकरी जिवंत, हात हालवत उभा होता. पण कुठे उभा होता? पाणी उतरलेल्या खडकांवर. आणि गेलेले पाणी परत येते, हे त्यालाही माझ्याइतकेच ठाऊक होते, म्हणजे मुळीच नव्हते!

साहेबांची परवानगी घेऊन मी मुंबईला निघालो. जागा दाखवायला रंगारी बरोबर घेतला, ओळख पटवायला बाई, आणि सोबतीला एक शिपाई. मेहुण्याला मात्र सोडता येत नव्हते. माणूस सापडल्याशिवाय कागद बदलत नाहीत. निघताना बाईने कोठडीच्या गजांतून भावाच्या तोंडावरून हात फिरवला. 

महालक्ष्मीला पोचलो तेव्हा सकाळची भरती होती. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो असा, तपासाच्या कामावर, बूट घालून. काय वाटले ते लिहिता येणार नाही. पायरीला पाणी लागून होते आणि समोर दर्गा पाण्यात उभा होता. मेहुण्याचा शब्दन् शब्द खरा. रंगारी हात पुढे करून म्हणाला, "इथंच, साहेब... तिथं, त्या बाजूले," आणि पाण्याकडे बघून पुन्हा ओशाळला.

"बसून घ्या," मी म्हणालो. "वेळ आहे."

आम्ही बसलो. पाणी कसे गेले ते नजरेला कळत नाही. मोर्णेला पूर येतो तेव्हा आवाज होतो. इथे एक पायरी उघडी पडली, मग तिच्याखालची. मग काळे खडक पाठी दाखवू लागले. दुपारपर्यंत दर्ग्याची वाट पाण्यातून वर आली आणि लोक चालू लागले. रंगारी उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. "म्या खोटा नव्हतो, साहेब," एवढेच तो म्हणाला. मी त्याची माफी मागितली. ठाणेदाराने माफी मागण्याची तेव्हा पद्धत नव्हती.

पाणी उतरताच कोळिणी टोपल्या घेऊन खडकांवर आल्या, कालवे, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढायला. मी हाक मारताच त्या पांगू लागल्या. पोलिसाचा डगला सगळीकडे सारखाच दिसतो. तेव्हा बाई मला म्हणाली, "तुमी थांबा, साहेब," आणि पदर खोचून, चपला हातात घेऊन शेवाळलेल्या खडकांवरून त्यांच्याकडे गेली. दुरून त्यांचे बोलणे ऐकू येत नव्हते. एक म्हातारी कोळीण हातवारे करून उत्तरेकडे, वरळीकडे दाखवत होती. बाई जवळजवळ धावतच परत आली.

"हाय म्हनते. पाय मोडला, पन हाय."

वरळीच्या कोळीवाड्यात एका झोपडीच्या अंगणात, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या सावलीत, तो मजेत बसला होता. पायाला बांबूच्या कांबी बांधलेल्या होत्या. झाले होते ते असे. पाणी मागे सरू लागले, तसा तो भारल्यासारखा त्याच्या मागे मागे गेला. पुढे शेवाळावर पाय घसरून तो खडकांच्या खोबणीत पडला आणि नडगी मोडली. ओरडला, पण लाटांच्या घोंगाटात देवळापर्यंत आवाज पोचला नाही. पाणी परत फिरले आणि त्याच्या छातीपर्यंत आले, तेव्हा खडकांवर भेटलेल्या त्याच म्हातारीने त्याला पाहिले. तिच्या मुलाने होडी घालून त्याला उचलले आणि घरी नेले. पंधरा दिवस तो तापात होता.

बायकोला पाहून तो उठायला गेला, पण उठता आले नाही. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ताप उतरून किती दिवस झाले?"

"झाले असतीन... पंधरा."

"मंग सांगावा काहून नाई धाडला? पाय मोडला होता, जीभ तं नव्हती मोडली!"

तो खाली बघत म्हणाला, "मले वाटलं, दोघंही मले टाकून गेले. साळा भांडून गेला, दोस्तानं हात हालवला अन् चालता झाला. म्हटलं, झुरू द्या थोडं." मग पायाच्या कांबी चाचपत, "अन् खरं सांगू? इथं करमून राहिलं होतं."

"तुमचा साळा कोठडीत आहे," मी म्हणालो. "तुमच्या खुनासाठी."

त्याचे तोंड पांढरे पडले. त्याने रंगाऱ्याकडे पाहिले. रंगारी अंगणाच्या कडेला उभा होता. "अन् हा?"

"जामिनावर."

मग तो लहान मुलासारखा रडला. रंगारी पुढे होऊन त्याच्या शेजारी बसला. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "म्या थांबाले पायजे होतं, गड्या. नमाज काय, नंतर पढली असती." मी त्यांना तसेच सोडून रेल्वेच्या तारघरात गेलो आणि अकोल्याला तार केली: इसम जिवंत सापडला, कैदीस तत्काळ सोडावे.

आमची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. दिवसाच्या उरलेल्या वेळात म्हातारीच्या मुलाने आम्हा सगळ्यांना होडीत बसवून वरळीच्या किल्ल्याला वळसा घातला. नवरा बायकोला एकेक गोष्ट दाखवत होता, जणू सात पिढ्यांचा कोळी. तिने हात खाली घालून ओंजळभर पाणी घेतले, जिभेला लावले आणि थुंकून टाकले.

"सारं असंच खारं हाय?"

"सारं," तो अभिमानाने म्हणाला.

तिने क्षितिजापर्यंत नजर फिरवली. "एवढं पानी," ती म्हणाली, "अन् एका वाफ्याच्याही कामाचं नाई!" होडीतले आम्ही सगळे हसलो, कोळी तर सर्वांत जास्त. तिचा राग त्या हसण्यात गेला असावा, कारण नंतर तिने नवऱ्याच्या पायावर ऊन येऊ नये म्हणून पदर धरला.

अकोल्याच्या स्टेशनावर मेहुणा आम्हाला घ्यायला आला होता. भाऊजीला त्याने पाठुंगळी घेतले आणि बैलगाडीपर्यंत नेले. कुणी कुणाला क्षमा केली, कशी केली, ते माझ्यासमोर झाले नाही. पण पुढच्या वर्षी ते चौघे वरळीला जाऊन आल्याचे मला कळले, म्हातारीला वऱ्हाडी ज्वारी आणि लुगडे घेऊन. माझ्यासाठी मेहुण्याने खारवलेली मासळी आणली. ज्या माणसाला मी उन्हात उभे केले होते त्याच्या हातची भेट घेणे मला जड गेले. तो म्हणाला, "घ्या साहेब. तुमी शोधाले गेले, हे मले पुरे हाय." मी मासळी खात नाही. ती मोहरीराने आनंदाने नेली.

नोकरीत खोटे बोलणारे मी पुष्कळ पाहिले, आणि त्यांना ओळखणे फारसे अवघड नाही. खऱ्या माणसाला खोटा ठरवायला मात्र तपासणाऱ्याचे अज्ञानच पुरे होते, हे मला या प्रकरणाने शिकवले. त्यानंतर दोन जबान्या जुळल्या नाहीत, की मी साक्षीदारावर डोळे वटारण्याआधी स्वतःला विचारी, यात मला न कळणारे काय आहे? बहुतेक वेळा काहीतरी निघेच. कधी पिकाची रीत, कधी एखाद्या जातीतला रिवाज, कधी नुसती उन्हाची तिरीप. आणि जबानीत जागेबरोबर वेळ लिहायला मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक शिपायाला शिकवले.

पेन्शन झाल्यावर मी बायकोला मुंबई दाखवायला नेले. मुंबादेवी केली, बंदर पाहिले, आणि एका सकाळी महालक्ष्मीच्या पायरीवर जाऊन बसलो. दोन-तीन तासांनी ती कौतुकाने म्हणाली, "अगबाई, गेलं की पानी सारं! चला आता."

"थांब," मी म्हणालो, "परत येतं ते." आणि आम्ही डबा उघडून तिथेच जेवायला बसलो.